तेलकट सांडपाण्यासाठी मेम्ब्रेन निवडताना: आधी तेलाची अवस्था, मग मटेरियल

प्रश्न थोडक्यात असा आहे. गोव्यातील वेर्णा येथील एका लघुउद्योगात सीएनसी (संगणकाने चालणाऱ्या) यंत्रांतून वापरून झालेले कूलंट, म्हणजे धातू कापताना वापरायचा थंड करणारा द्रव, निघते, आणि त्याच मालकांच्या झुआरीकाठच्या बार्ज दुरुस्ती यार्डात बिल्जचे, म्हणजे बोटीच्या तळाशी साचणारे, तेलकट पाणी साठते. दोन्ही पाणी एका टाकीत घेऊन मेम्ब्रेनने, म्हणजे बारीक छिद्रांच्या पातळ गाळण-पडद्याने, तेल काढावे आणि 'ऑइल अँड ग्रीस' प्रतिलिटर १० मिलिग्रॅमच्या आत आणावे, असा विचार आहे. तीन पुरवठादारांनी तीन पर्याय दिले आहेत: पीव्हीडीएफ या प्लास्टिकच्या पोकळ तंतूंचे मॉड्यूल, सिरॅमिक नळ्या, आणि 'पाणी अडवते, तेल सोडते' अशा जलविरोधी लेपाची स्टीलची जाळी. यांतले कोणते मटेरियल घ्यावे, असे विचारले आहे.

माझे उत्तर आधी सांगतो आणि कारणे नंतर देतो. दोन्ही पाणी एकत्र करू नये. कूलंटसाठी पाण्याला जवळ करणाऱ्या, म्हणजे जलस्नेही पृष्ठभागाचे अल्ट्राफिल्ट्रेशन (अतिसूक्ष्म छिद्रांच्या गाळणीचे) मेम्ब्रेन घ्यावे आणि ते पोकळ तंतूंऐवजी रुंद नळीच्या स्वरूपात घ्यावे. सिरॅमिकचा खर्च यार्डातल्या पाण्यावर सार्थकी लागेल, तोही काही पूर्वतयारी केली तर. जाळीचा विचार या कामासाठी सोडून द्यावा.

मटेरियलची चर्चा बहुतेक ठिकाणी 'कोणते मेम्ब्रेन चांगले' येथून सुरू होते आणि तेथेच फसते, कारण पाण्यात तेल कोणत्या अवस्थेत आहे यावर पुढचे जवळजवळ सर्व काही ठरते. थेंब वर येण्याचा वेग त्याच्या व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. पाणी आणि तेल यांच्या घनतेत दर घन सेंटिमीटरला ०.१ ग्रॅमचा फरक धरला, तर १०० मायक्रॉनचा थेंब तासाला सुमारे दोन मीटर वर चढतो, १० मायक्रॉनचा थेंब तासाला दोन सेंटिमीटर, आणि एक मायक्रॉनचा थेंब तासाला एक मिलिमीटरचा पाचवा हिस्सा. तेल-पाणी वेगळे करणारी पारंपरिक एपीआय टाकी १५० मायक्रॉन व त्याहून मोठ्या थेंबांसाठी आखलेली असते, ती याच कारणाने. तिरप्या पट्ट्या बसवल्या तर साधारण ५०-६० मायक्रॉनपर्यंत उतरता येते, आणि तुरटीसारखा कोॲग्युलंट देऊन हवेच्या बारीक बुडबुड्यांनी तेल वर आणले तर त्याहूनही खाली. मेम्ब्रेनचे काम यानंतर सुरू होते. जे तेल स्वतःहून किंवा थोड्या मदतीने वर येते, त्यासाठी मेम्ब्रेन लावणे हा पैशाचा अपव्यय आहे. शिवाय मोकळे तेल मेम्ब्रेनवर आले की ते पृष्ठभागावर पसरून बसते आणि पाण्याची वाट अडवते.

कूलंटमधले तेल मात्र वर येत नाही. नारळाचा दाट रस काढून ठेवला तर त्यातले तेल लगेच सुटत नाही, कारण प्रत्येक थेंबाभोवती प्रथिनांचे आवरण असते. कूलंटमध्ये तेच काम उत्पादकाने हेतुपुरस्सर घातलेले इमल्सिफायर करतात. 'सोल्युबल ऑइल' म्हणून विकल्या जाणाऱ्या दुधाळ कूलंटमध्ये थेंब साधारण मायक्रॉनच्या आसपास असतात, आणि अर्धपारदर्शक सेमी-सिंथेटिक कूलंटमध्ये त्याच्याही दहाव्या हिश्शाइतके किंवा त्याहून लहान. पूर्ण सिंथेटिक कूलंटमध्ये तर खनिज तेल नसतेच. त्यातले घटक पाण्यात विरघळलेले असल्यामुळे ते अल्ट्राफिल्ट्रेशनमधून सरळ पार जातात. ही माहिती पुरवठादार विचारत नाही आणि ग्राहक सांगत नाही. कूलंटच्या डब्यावरचे नाव आणि त्याचे माहितीपत्रक ही पहिली कागदपत्रे असली पाहिजेत, मेम्ब्रेनचे कॅटलॉग नव्हे.

त्याबरोबर एक साधी चाचणी करावी. रुंद तोंडाच्या काचेच्या चार बाटल्या घ्याव्यात. पहिलीत पाणी जसे आहे तसे ठेवावे, दुसरीत चमचाभर मीठ घालावे, तिसरीत पातळ आम्लाचे थेंब टाकून पीएच तीनच्या जवळ आणावा, चौथीत तुरटीचे द्रावण घालावे, आणि चारही एक रात्र हलवू नयेत. पहिल्या बाटलीत वर आलेला थर म्हणजे मोकळे तेल. यंत्राच्या स्लाइडवेवरून (सरकत्या भागांच्या मार्गावरून) गळणारे ट्रॅम्प ऑइल बहुधा तेथे दिसते आणि ते बेल्ट स्किमरने (तेल उचलणाऱ्या फिरत्या पट्ट्याने) काढावे. आम्लाने किंवा तुरटीने खाली नितळ पाणी सुटले, तर रासायनिक मार्ग खुला आहे आणि मेम्ब्रेनवर येणारा भार बराच कमी करता येतो, फक्त गाळ वाढतो. चारही बाटल्या सकाळी सारख्याच दुधाळ दिसल्या, तर मेम्ब्रेनची खरी गरज आहे असे समजावे.

आता मेम्ब्रेन तेल अडवते ते कसे, हे पाहू, कारण मटेरियलचा प्रश्न येथेच सुटतो. छिद्र थेंबापेक्षा लहान असले की थेंब अडकतो, ही समजूत अर्धीच खरी आहे. तेलाचा थेंब हा वाळूचा कण नाही. दाब पुरेसा असेल तर तो लांबट होऊन छिद्रात शिरतो. त्याला शिरू न देणारी शक्ती तेल आणि पाणी यांच्या सीमेवरच्या ताणातून येते. पृष्ठभाग पूर्णपणे जलस्नेही असेल, तर थेंबाला छिद्रात ढकलण्यास लागणारा दाब ढोबळमानाने त्या ताणाच्या दुपटीला छिद्राच्या त्रिज्येने भागले की मिळतो. छिद्राचा व्यास ०.१ मायक्रॉन आणि सीमेवरचा ताण दर मीटरला ३० मिलिन्यूटन असेल, तर हा दाब सुमारे १२ बार येतो. कोणतेही अल्ट्राफिल्ट्रेशन यंत्र इतक्या दाबाने चालत नाही, म्हणून तेल अडणार हे निश्चित. परंतु कूलंटमधले इमल्सिफायर हा ताण ३ मिलिन्यूटनपर्यंत सहज उतरवतात, आणि मग त्याच छिद्राला १.२ बार पुरतो. ताण एकवर आला तर ०.४ बार. म्हणजे जे मेम्ब्रेन स्वच्छ डिझेल-पाण्याच्या प्रात्यक्षिकात निर्दोष दिसते, तेच खऱ्या कूलंटवर दोन बार दाबाने चालवले तर पाण्याबरोबर तेलही सोडते. अशा वेळी छिद्र लहान घ्यावे लागते. व्यास ०.०२ मायक्रॉनवर आणला, तर एक मिलिन्यूटनच्या ताणालाही पुन्हा दोन बारचा आधार मिळतो. त्यातही सरासरी छिद्रापेक्षा सर्वांत मोठे छिद्र महत्त्वाचे असते, कारण तेल तेथूनच निसटते. म्हणून छिद्रांच्या आकारात कमीत कमी तफावत असलेले मेम्ब्रेन मागावे.

या हिशेबात जलस्नेही पृष्ठभाग गृहीत धरला आहे. पृष्ठभाग तैलस्नेही असेल, तर चिन्हच उलटते: छिद्र तेलाला अडवत नाही, आत ओढून घेते. म्हणून पॉलिप्रॉपिलीन किंवा टेफ्लॉन यांसारखे मुळातच जलविरोधी पदार्थ पाण्यातून थोडे तेल काढण्याच्या कामाला चालत नाहीत. त्यांची जागा उलट्या कामात आहे, म्हणजे तेलातून थोडे पाणी काढण्यात. मालीम किंवा कुटबणच्या जेट्टीवरच्या ट्रॉलरच्या डिझेल लाइनवर जो वॉटर सेपरेटर असतो, त्यातले माध्यम पाणी झिडकारणारे असते आणि तेथे ते योग्यच आहे.

पीव्हीडीएफही मूळ स्वरूपात जलविरोधीच असते. बाजारात मिळणारी पीव्हीडीएफ मेम्ब्रेन जलस्नेही असतात, ती त्यात मिसळलेल्या किंवा पृष्ठभागावर जोडलेल्या दुसऱ्या बहुवारिकामुळे (पॉलिमरमुळे). म्हणून केवळ 'पीव्हीडीएफ' हे नाव पुरेसे नाही. जलस्नेहीपणा कशाने आणला आहे आणि तो धुण्यात टिकतो का, हे विचारले पाहिजे. पीव्हीडीएफचे बळ असे की ते क्लोरीन चांगले सोसते आणि तंतू लवचीक असतात. उणीव अशी की गरम, तीव्र कॉस्टिक (कॉस्टिक सोडा) त्याला मानवत नाही. पीएच ११ च्या वर वारंवार धुतले की त्याच्या साखळीतून हायड्रोजन फ्लोराइड सुटत जाते, पदार्थ तपकिरी पडतो आणि ठिसूळ होतो. तेलकट मेम्ब्रेन धुण्याचा सर्वांत परिणामकारक उपाय गरम कॉस्टिक आणि डिटर्जंट हाच असल्यामुळे ही उणीव तुमच्या बाबतीत नेमकी वर्मावर बसते.

पॉलिइथरसल्फोन (पीईएस) आणि पॉलिसल्फोन या दोघांना कॉस्टिकचे भय नाही. पीएच १ ते १३ ही श्रेणी ते सोसतात. त्यांना जलस्नेही करण्यासाठी बहुधा पीव्हीपी हे जलस्नेही बहुवारिक मिसळतात, आणि हायपोक्लोराइटने धुताना हेच पीव्हीपी हळूहळू झिजते. मोठा धोका वेगळा आहे. टोल्युइन, झायलीन, कीटोन यांनी हे पदार्थ फुगतात किंवा विरघळतात. यार्डात रंगकाम होते, थिनरने ब्रश धुतले जातात आणि ते पाणी नकळत गटारात येते. असे पाणी पॉलिसल्फोनच्या मेम्ब्रेनवर एकदा जरी गेले, तरी पुढे कितीही धुऊन उपयोग होत नाही.

पॉलिॲक्रिलोनायट्राइल, म्हणजे व्यवहारात 'पॅन', हे मला कूलंटसाठी सर्वांत कमी तक्रारीचे मटेरियल वाटते. त्याचा पृष्ठभाग मुळातच बराच जलस्नेही आहे, तेल त्याला कमी चिकटते, आणि खनिज तेल व हायड्रोकार्बन त्याला इजा करत नाहीत. कॉस्टिकच्या बाबतीत ते पीईएसइतके दणकट नाही, त्यामुळे साधारण पीएच १० पर्यंत राहून डिटर्जंटच्या जोरावर धुवावे लागते. रिजनरेटेड सेल्युलोज पृष्ठभागाच्या दृष्टीने याहूनही सरस आहे, पण जुन्या कूलंटमध्ये जिवाणू भरपूर असतात (सोमवारी सकाळी यंत्रशाळेत येणारा तो कुजका वास त्यांचाच), आणि सेल्युलोज कुळातल्या पदार्थांवर जिवाणूंचा हल्ला होऊ शकतो. आपल्याकडच्या दमट, उष्ण हवेत मॉड्यूल दोन दिवस बंद राहिले तरी आत काय वाढेल याचा विचार करून मी ते टाळतो.

सिरॅमिकविषयी दोन टोकांची मते ऐकू येतात: एक, सिरॅमिक घेतले की चिंता मिटली, दुसरे, ते लघुउद्योगाच्या आवाक्याबाहेर आहे. दोन्हींत तथ्य कमी आहे. ॲल्युमिनाच्या आधारावर झिर्कोनिया किंवा टायटानियाचा पातळ थर असलेल्या नळ्या गरम कॉस्टिक, आम्ल, थिनर, उलट दाबाने धुणे हे सर्व सहन करतात. ऑक्साइडच्या पृष्ठभागावरचा विद्युतभार पीएचनुसार बदलतो: ॲल्युमिनाचा भार शून्य होण्याचा बिंदू पीएच ८-९ च्या आसपास, झिर्कोनियाचा ६-७ च्या, टायटानियाचा ५-६ च्या. त्याखाली पृष्ठभाग धनभारित असतो. कूलंटचे थेंब बहुधा ऋणभारित असतात, म्हणून पाणी आम्लधर्मी केले तर ते ॲल्युमिनावर चिकटून बसतात आणि अल्कधर्मी ठेवले तर दूर राहतात. सिलिकॉन कार्बाइडचा हा बिंदू पीएच २-३ इतका खाली असल्यामुळे ते व्यवहारातल्या सर्व पाण्यांत ऋणभारितच राहते, आणि पाण्याला इतके जवळ करते की त्यातून पाणी फार वेगाने निघते. ते भाजण्यासाठी २००० अंश सेल्सिअसच्या वरचे तापमान लागते आणि त्याची किंमत मुख्यतः त्यामुळेच चढते.

सिरॅमिकची खरी कमजोरी नळीत नसून तिच्या टोकाच्या रबरी गास्केटमध्ये असते, आणि कोटेशनमध्ये तिचा उल्लेख शेवटच्या पानावर सापडतो. ईपीडीएम रबर कॉस्टिकला उत्तम टिकते, पण खनिज तेलात फुगते. व्हायटॉन तेलाला उत्तम टिकते, पण गरम कॉस्टिक आणि कूलंटमधले अमाइन त्याला हळूहळू कडक करतात. गास्केट फुगले की नळीच्या कडेवर ताण येतो, ती चिरते, आणि मग दोष 'ठिसूळ सिरॅमिक'वर जातो. टेफ्लॉनचे वेष्टन असलेले गास्केट मागावे आणि त्याचा जादा संच पहिल्याच ऑर्डरमध्ये घ्यावा. गरम नळीवर एकदम गार पाणी सोडू नये, हे चालवणाऱ्या माणसाला लेखी देऊन ठेवावे.

किमतीचा मुद्दा मात्र नीट मांडला जात नाही. समजा, दिवसाला १००० लिटर कूलंट आहे आणि यंत्र २० तास चालते. म्हणजे तासाला ५० लिटर पाणी निघाले पाहिजे. दर चौरस मीटरमागे तासाला सरासरी ४० लिटर (या वेगाला फ्लक्स म्हणतात) धरले, तर सव्वा चौरस मीटर मेम्ब्रेन पुरते. राखीव धरून दोन. इतक्या लहान यंत्रात पंप, टाक्या, पाइप आणि विजेचे पॅनेल यांचाच खर्च बहुधा मेम्ब्रेनपेक्षा जास्त होतो. त्यामुळे 'सिरॅमिक काही पट महाग' हे वाक्य दर चौरस मीटरला खरे असले, तरी संपूर्ण यंत्राच्या किमतीत तो फरक तितका उरत नाही.

आकाराविषयी, म्हणजे मॉड्यूलच्या घडणीविषयी, मी मटेरियलइतकाच आग्रही आहे. पोकळ तंतूची आतली वाट जेमतेम एक मिलिमीटरची असते. कूलंटमधला धातूचा चुरा आणि जिवाणूंचा बुळबुळीत थर ती बुजवतात. स्पायरल मॉड्यूलमधल्या जाळीदार पट्टीत तर चुरा हमखास अडकतो. अर्धा किंवा एक इंच व्यासाच्या नळ्या हे जुने, बोजड, वीजखाऊ तंत्र आहे, आणि तरीही या कामासाठी तेच घ्यावे. वीजखाऊ किती, याचा हिशेब पाहा. साडेबारा मिलिमीटर व्यासाच्या, तीन मीटर लांब नळीतून पाणी सेकंदाला साडेतीन मीटर वेगाने खेळवायचे, तर तासाला दीड हजार लिटरहून जास्त पाणी फिरवावे लागते, आणि दर चौरस मीटरला ६० लिटरच्या हिशेबाने त्या नळीतून तासाला फक्त सात लिटर स्वच्छ पाणी मिळते. म्हणून नळ्या एकामागोमाग एक जोडतात, म्हणजे तेच फिरते पाणी वीस नळ्यांतून जाऊन १४० लिटर देते. हा वेग वाचवण्याच्या मोहात पडू नये. तो कमी केला की तेलाचा थर मेम्ब्रेनच्या तोंडाशी दाटतो आणि दाब वाढवून पाणी वाढत नाही, फक्त थर अधिक घट्ट होतो.

तापमानाचा फायदा मात्र फुकट मिळतो. पाण्याची विष्यंदिता (वाहण्याला होणारा विरोध) दर अंशाला साधारण दोन टक्क्यांनी उतरते, त्यामुळे पंपाच्या उष्णतेने टाकी ४० अंशांवर गेली तर फ्लक्स आपोआप वाढतो. दोन मेम्ब्रेनची तुलना करताना दोन्हींचे आकडे एकाच तापमानाचे आहेत ना, हे याचसाठी पाहावे.

जाळीचा प्रश्न उत्सुकतेचा आहे, म्हणून थोडे सांगतो. स्टीलच्या जाळीवर टेफ्लॉनचा खडबडीत लेप देऊन पाणी अडवणे व तेल सोडणे हे बीजिंगमधल्या लेई ज्यांग यांच्या गटाने २००४ मध्ये दाखवले आणि तेव्हापासून या विषयावर शोधनिबंधांचा पूर आला. व्हिडिओत हे विलक्षण दिसते. पण बहुतेक तेले पाण्यापेक्षा हलकी असतात: टाकीत पाणी खाली, म्हणजे जाळीला टेकून राहते, आणि तेल तिच्यापर्यंत पोहोचतच नाही. शिवाय जाळीची भोके थेंबांपेक्षा दहापट-शंभरपट मोठी असल्यामुळे इमल्शनवर, म्हणजे पाण्यात विखुरून टिकलेल्या बारीक थेंबांच्या मिश्रणावर, तिचा परिणाम होत नाही. त्याच गटाने २००९ मध्ये माशाच्या खवल्यांचा अभ्यास मांडला. खवले पाण्यात असताना तेलाला चिकटू देत नाहीत, कारण त्यांच्या बारीक उंचवट्यांत पाणी धरून ठेवलेले असते. मासळीच्या राज्यात राहणाऱ्यांना हे सांगण्याची गरज नसावी. त्यावरून २०११ मध्ये हायड्रोजेलचा लेप दिलेली, पाणी सोडणारी व तेल अडवणारी जाळी आली. माझ्या मते उपयोगाची दिशा हीच आहे, आणि आजच्या जलस्नेही मेम्ब्रेनमागे तेच तत्त्व आहे: पृष्ठभागाने आधी पाणी घट्ट धरावे, म्हणजे तेलाला बसायला जागा राहत नाही.

अशा लेपांचे निबंध वाचताना तीन गोष्टी पाहाव्यात. पाण्याखालचा तेलाचा स्पर्शकोन (थेंब पृष्ठभागाशी करतो तो कोन) मोजताना डायक्लोरोइथेन वापरले आहे का? ते पाण्यापेक्षा जड असल्याने थेंब वरून ठेवता येतो, म्हणून प्रयोगशाळांना सोयीचे पडते. पण तुमच्या टाकीत ते नाही. प्रयोग इमल्सिफायरशिवाय केला आहे का? आणि लेप कॉस्टिकमध्ये किती तास ठेवला होता? शिनाण्यांच्या (खडकाला चिकटणाऱ्या समुद्री शिंपल्यांच्या) चिकटपणावरून सुचलेला पॉलिडोपामीनचा लेप २००७ पासून फार लोकप्रिय झाला. तो जवळजवळ कशावरही बसतो, पण तीव्र कॉस्टिकमध्ये सुटतो. ज्या मेम्ब्रेनला दर आठवड्याला कॉस्टिकने धुवायचे आहे, त्यावर त्याचा उपयोग किती हे उघड आहे.

स्पर्शकोनाची चाचणी कारखान्यातही करता येते. मेम्ब्रेनचा तुकडा पाण्यात आडवा, काम करणारी बाजू खाली करून धरावा, आणि वाकवलेल्या सुईच्या सिरिंजने तुमच्याच यंत्रातल्या स्लाइडवे तेलाचा थेंब खालून सोडावा. थेंब वर जाऊन मेम्ब्रेनला टेकतो. तो गोल राहून तुकडा किंचित तिरपा करताच घरंगळत निघून गेला, तर पृष्ठभाग चांगला. पसरून डाग धरला, तर पुढचे बोलणे थांबवावे. हीच चाचणी त्या तुकड्याला धुण्याच्या द्रावणात दोन दिवस भिजवून पुन्हा करावी. माझा भर या दुसऱ्या निकालावर असतो.

धुण्याविषयी दोन इशारे आवश्यक आहेत. सिलिकोनयुक्त अँटिफोम कूलंटमध्ये कधीही घालू नये. ते मेम्ब्रेनवर बसले की कोणत्याही धुण्याने निघत नाही. तसेच मेम्ब्रेनच्या आधी धनभारित पॉलिइलेक्ट्रोलाइट (कण एकत्र आणणारे विद्युतभारित पॉलिमर) वापरत असाल, तर त्याचा शिल्लक अंश ऋणभारित मेम्ब्रेनवर चिकटतो. मात्रा चढवून 'थोडे जास्तच बरे' असे करणारा ऑपरेटर येथे महाग पडतो.

आता बिल्ज. बार्जच्या बिल्जमध्ये भरतीचे खारे पाणी, इंजिनचे तेल, गंज, आणि खनिज वाहतुकीची लाल धूळ असते. लोहाचे हे बारीक कण तेलाच्या थेंबांभोवती बसून इमल्शन अधिक टिकाऊ करतात आणि मेम्ब्रेनवर तांबूस थर धरतात, जो कॉस्टिकने हलत नाही; त्याला सायट्रिक किंवा ऑक्झॅलिक आम्ल लागते. असे पाणी कूलंटमध्ये मिसळले, की खाऱ्या पाण्यातले कॅल्शियम आणि मॅग्नेशियम कूलंटमधल्या स्निग्धाम्लांशी संयोग पावून चिकट, न विरघळणारा साबण तयार करतात. इमल्शन अर्धवट फुटते आणि अर्धवट टिकते, ही मेम्ब्रेनसाठी सर्वांत वाईट स्थिती. दोन्ही पाणी वेगळे ठेवण्याचा आग्रह यासाठी. याच कारणाने कॉस्टिकचे द्रावण खाऱ्या किंवा मचूळ पाण्यात कधीही करू नये. मॅग्नेशियम हायड्रॉक्साइडचा साका थेट छिद्रांत बसतो.

बिल्जमधले तेल बहुतांशी मोकळेच असते. ते इमल्शन होते इंजिन रूममध्ये ओतल्या जाणाऱ्या डिटर्जंटमुळे आणि सेंट्रिफ्युगल पंपाच्या घुसळणीमुळे. तेल लवकर सोडणारा डिटर्जंट आणि स्क्रू किंवा डायफ्रॅम पंप, एवढ्या दोन बदलांनी यार्डातले बरेचसे काम तिरप्या पट्ट्यांच्या सेपरेटरवर भागते. त्यानंतर उरलेल्यासाठी सिरॅमिक लावावे, कारण थिनर, गंज आणि आम्लाचे धुणे हे सर्व सोसणारे तेच आहे. पावसाळ्यात मात्र यार्डाच्या उघड्या अंगणाचे पाणी या वाटेने येऊ देऊ नये. वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या आपल्या प्रदेशात तसे झाले, तर कोणत्याही क्षमतेचे यंत्र जूनमध्येच हात टेकेल.

मर्यादेच्या आकड्यांत गोंधळ होतो, तो टाळावा. जहाजांसाठी मार्पोल या सागरी प्रदूषणविरोधी आंतरराष्ट्रीय कराराच्या पहिल्या परिशिष्टात १५ पीपीएम (दशलक्ष भागांत १५) ही मर्यादा आहे, आणि २००५ पासून बसवलेल्या बिल्ज सेपरेटरची चाचणी इमल्शनवरही घ्यावी लागते. पण तेच पाणी किनाऱ्यावर उतरवले की जमिनीवरचे नियम लागतात: पर्यावरण (संरक्षण) नियम, १९८६ मधल्या सर्वसाधारण मानकांनुसार अंतर्देशीय जलस्रोतात सोडण्यास ऑइल अँड ग्रीस प्रतिलिटर १० मिलिग्रॅम, सार्वजनिक सांडपाणी वाहिनीत किंवा समुद्रकिनारी भागात २० मिलिग्रॅम. तुम्हाला कोणता लागू, ते प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संमतिपत्रात लिहिलेले असते. लक्षात घ्यावे की मेम्ब्रेनमधून आलेले कूलंटचे पाणी काचेसारखे स्वच्छ दिसले, तरी त्यातले ग्लायकॉल आणि अमाइन विरघळलेले असल्याने तसेच राहतात. तेलाचा आकडा मर्यादेत आणि सीओडी (पाण्यातल्या घटकांच्या ऑक्सिडीकरणास लागणाऱ्या ऑक्सिजनचे माप) हजारोंमध्ये, असे निकाल नेहमी येतात. पुढे जैविक प्रक्रिया लागणार, हे अंदाजपत्रकात आताच धरावे.

दुसऱ्या बाजूला उरते ते दाट तेल. पाच टक्के तेलाचे १००० लिटर कूलंट ५० टक्क्यांपर्यंत दाट केले, तर १०० लिटर उरतात. प्रत्यक्षात बऱ्याचदा त्याआधीच थांबावे लागते, कारण द्रव घट्ट होऊन फ्लक्स पडतो. हा अंश घातक कचरा व्यवस्थापनाच्या २०१६ च्या नियमांखाली येतो आणि तो अधिकृत पुनर्चक्रण करणाऱ्याकडेच, मॅनिफेस्टसह (वाहतुकीच्या नोंदपत्रासह), द्यावा लागतो.

खरेदीपूर्वी पुरवठादाराकडून छोट्या यंत्रावर चाचणी करून घ्यावी, ती तुमच्याच कूलंटवर आणि निदान चार-पाच धुण्यांपर्यंत. प्रत्येक धुण्यानंतर स्वच्छ पाण्याचा फ्लक्स त्याच दाबाला व त्याच तापमानाला मोजून लिहून ठेवावा. पहिल्या दिवशीचा आकडा सर्वच मेम्ब्रेनचा मोहक असतो. तिसऱ्या, चौथ्या आणि पाचव्या धुण्यानंतरचे आकडे एकमेकांजवळ स्थिरावले, तर ते मटेरियल तुमच्या पाण्याला चालते. ते उतरतच राहिले, तर नाव पॅन असो, पीव्हीडीएफ असो वा सिलिकॉन कार्बाइड, ते घेऊ नये. हा स्थिरावलेला फ्लक्स, धुण्याचे रसायन आणि गास्केटचा प्रकार या तीन बाबी खरेदी आदेशात हमी म्हणून लिहून घ्याव्यात.